जयाची याचना

रोगमुक्ती, संतती, पर्जन्य आणि पीकपाणी यांसाठी ईश्वराला साकडे घालणे कोणत्याही धर्मातील भाविकाला गैर वाटत नाही, आणि ज्या तत्त्वचिंतकांना अशी सकाम भक्ती खालच्या पायरीची वाटते तेही त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे सहसा करुणेनेच पाहतात; कारण मागणाऱ्याची गरज तेथे खरी असते. परंतु एका लाकडी मैदानाच्या दोन टोकांना दहा फूट उंचीवर लावलेल्या कड्यांतून चेंडू आपल्याकडून अधिक वेळा आणि प्रतिपक्षाकडून कमी वेळा पडावा, एवढ्याचसाठी कोणी गुडघे टेकले, तर त्या प्रार्थनेचे काय करावे? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. ईश्वराच्या समदृष्टीचा वाद त्यात गुंतलेला आहे, वासनेच्या स्वरूपाचाही आहे. आणि ज्या वस्तूला व्यवहारात कवडीचे मोल नाही तिच्यासाठी जीव टाकणे हा निव्वळ मोह की आणखी काही, ही शंकाही त्याच्या पोटात आहे.

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका हंगामाच्या आधाराने करणे मला अधिक सोयीचे वाटते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस, इमॅक्युलाटा नावाचे एक कॅथलिक विद्यापीठ आहे; त्या काळी ते महाविद्यालय होते. मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या सेविका म्हणविणाऱ्या धर्मभगिनींच्या संघाने ते १९२० साली मुलींसाठी स्थापन केले. १९६७ साली तेथील व्यायामशाळा आगीत जळून गेली, आणि त्यानंतर कित्येक दिवस बास्केटबॉलच्या संघाला सरावासाठी हक्काची जागा उरली नाही. मठाच्या इमारतीतील तळघरात त्या मुली खेळत. गणवेश म्हणजे चुण्यांचा लोकरी झगा. १९७० साली प्रशिक्षिका म्हणून नेमलेल्या कॅथी रश या विशीतील विवाहित बाई; त्यांचे हंगामाचे वेतन ४५० डॉलर होते, आणि त्या स्वतः कॅथलिक नव्हत्या. शिवाय ज्या वेस्ट चेस्टर महाविद्यालयाशी या संघाची मुख्य स्पर्धा, त्याच महाविद्यालयाच्या त्या पदवीधर. वेस्ट चेस्टर काही मैलांवरच होते. सरकारी, मोठे, आणि शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी नावाजलेले.

१९७१-७२ चा हंगाम आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तोपर्यंत मुलींचे सामने सहा-सहा खेळाडूंचे असत आणि त्यांपैकी बहुतेकींना मैदानाच्या निम्म्या भागाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसे. त्या वर्षी प्रथमच पाच खेळाडूंनी संपूर्ण मैदानभर धावण्याचा नियम अधिकृतपणे लागू झाला. इमॅक्युलाटाच्या मुलींनी त्या हंगामात सामन्यामागून सामने जिंकले. मग मध्य अटलांटिक विभागाच्या अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरने त्यांचा ७० विरुद्ध ३८ असा पराभव केला. बत्तीस गुणांचा हा फरक इतका मोठा होता की त्यावर कोणतीही कैफियत देण्याची सोय नव्हती. तथापि विभागातून त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला, सोळा संघांत पंधराव्या मानांकनाने. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी जाण्यापुरता पैसा गाठीशी नव्हता. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून वर्गणी जमविली, आणि तरीही विमानभाड्याची तरतूद आठच खेळाडूंपुरती झाली. त्या आठ जणी चार सामने खेळल्या. उपान्त्य सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाला त्यांनी तीन गुणांनी हरविले, आणि १९ मार्च १९७२ रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा वेस्ट चेस्टर उभे राहिले. या वेळी इमॅक्युलाटा ५२, वेस्ट चेस्टर ४८.

आता या हकीकतीतील धर्माचा भाग. ज्या भगिनींनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची आजन्म व्रते घेतली होती, स्वतःच्या नावाने एक पैसाही बाळगण्याचा अधिकार ज्यांनी आपखुषीने सोडला होता, त्याच भगिनी सामन्याच्या वेळी बाकांवर बसून लोखंडी बादल्या बडवीत. एका खेळाडूच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. बादल्या आणि त्या वाजविण्याचे लाकडी दांडके तेथून येत, आणि त्यांचा गजर इतका कर्णकर्कश असे की पाहुण्या संघाला स्वतःच्या प्रशिक्षिकेचा शब्द ऐकू येणे मुश्किल होई. महाविद्यालयाशेजारच्या वृद्धाश्रमातील थकलेल्या भगिनी संघासाठी प्रार्थना करीत. खेळाडूंची स्वतःचीही एक ठरलेली प्रार्थना होती. तिच्यात आधी सचोटीने खेळण्याची बुद्धी मागितली जाई, मग सरळसरळ जय, आणि पराजयच वाट्याला आला तर शिव्याशाप न देता पुन्हा आरंभ करण्याचे बळ. ज्यूली बर्न या धर्माभ्यासक विदुषीने या संघावर २००३ साली जो ग्रंथ लिहिला त्याचे नावही याच प्रार्थनेवरून घेतलेले आहे.

मधली मागणी अवघड आहे. पहिली आणि तिसरी कोणत्याही धर्मपंथाला मान्य होईल, कारण त्या दोन्हींमुळे दुसऱ्या कोणाचे काही जात नाही. जयाची गोष्ट निराळी. बास्केटबॉलमध्ये सामना बरोबरीत सोडण्याची मुभा नाही. गुण समान झाले तर जादा वेळ द्यायचा, पुन्हा समान झाले तर पुन्हा द्यायचा, आणि एक पक्ष हरेपर्यंत तो देत राहायचे. म्हणजे इमॅक्युलाटाच्या वृद्ध भगिनीने जपमाळेचे जितके मणी ओढले तितके ते वेस्ट चेस्टरच्या कोणा एकोणीस वर्षांच्या मुलीविरुद्ध ओढले असे झाले, आणि तीही मुलगी बहुधा कोणत्या ना कोणत्या चर्चमध्ये जाणारीच असणार. एकाच दरबारात परस्परविरुद्ध अर्ज आले असता दोन्ही अर्जदारांवर सारखीच कृपा असणाऱ्या मालकाने फैसला करावा तरी कसा? आपल्या महाभारतात हा पेच उद्योगपर्वात येतो. अर्जुन आणि दुर्योधन दोघेही साहाय्य मागण्यासाठी द्वारकेस जातात, आणि श्रीकृष्ण एकाला नारायणी सेना व दुसऱ्याला निःशस्त्र स्वतःला देऊन दोघांनाही रिकाम्या हाती पाठवीत नाही. परंतु ती वाटणी झाली युद्धापूर्वी. युद्धात जय एकाचाच झाला, आणि तो देताना समदृष्टी कशी टिकली याचा खुलासा करताना टीकाकारांनी धर्म-अधर्माचा आधार घेतला. वेस्ट चेस्टरच्या पक्षी मात्र कसलाच अधर्म नव्हता. किंबहुना मुलींच्या महाविद्यालयीन संघांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६९ साली भरविली ती त्यांच्याच प्रशिक्षिका कॅरल एकमन यांनी. ज्या स्पर्धेतील जयासाठी मठात प्रार्थना चालली होती, तिची वाट प्रतिपक्षानेच घालून दिली होती.

या अडचणीतून सुटण्याचा सभ्य मार्ग धर्मोपदेशकांनी फार पूर्वीच शोधून ठेवला आहे. तो असा की, जय मागू नये. आपल्या शक्तीनुसार उत्तम खेळता यावे एवढेच मागावे. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. ते देणाऱ्याच्या मनात खेळाविषयी एक प्रकारची अढी असते, आणि ती अढी मुळात जुनी आहे. ज्या जेम्स नायस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून या खेळाचा आरंभ केला, तो माँट्रियलच्या पाठशाळेत ईश्वरविद्या शिकत असताना रग्बी खेळतो म्हणून त्याचे काही सहाध्यायी एका खोलीत जमून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत, अशी आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे. १९२८ साली रोममध्ये मुलींच्या जाहीर क्रीडास्पर्धा ठरल्या तेव्हा खुद्द अकरावे पायस पोप यांनी त्यांचा निषेध केला. खेळावे, पण हौसेपुरते. शरीर कमवावे, पण ईर्ष्येने नव्हे. आणि स्त्रीने तर ईर्ष्या मुळीच करू नये, हा या सर्वांचा मथितार्थ.

ईर्ष्या वगळून उरलेला खेळ कसा असतो याचा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. नायस्मिथच्या शोधाला वर्षही झाले नव्हते, तोच १८९२ साली स्मिथ महाविद्यालयातील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींसाठी स्वीकारला, आणि लगेच त्याला लगामही घातला. मैदानाचे तीन भाग करून प्रत्येकीला आपापल्या भागात डांबले. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. उद्देश स्तुत्य होता. मुलींची प्रकृती आणि विनय दोन्ही राखावेत, खेळ तेवढा राहावा आणि त्यातील लढाई जावी. पुढे १९२३ पासून अमेरिकेतील स्त्री-शिक्षिकांच्या एका वजनदार मंडळाने याहून पुढचे पाऊल टाकले. महाविद्यालयांचे एकमेकांशी सामने भरविणेच त्यांना नापसंत. त्याऐवजी अनेक महाविद्यालयांच्या मुली एका दिवशी एकत्र जमवाव्यात, त्यांची सरमिसळ करून संघ पाडावेत, सकाळी ज्यांचे तोंडही पाहिले नव्हते अशा मुलींसह दुपारी खेळावे आणि संध्याकाळी सरबत पिऊन घरी जावे, अशी शिस्त त्यांनी पाडली. कोणत्याही संस्थेचा जय नाही, पराजयही नाही. फलत्यागाची इतकी काटेकोर व्यवस्था एखाद्या आश्रमातही क्वचितच आढळेल. ती दशकानुदशके चालली. पण तिच्या कथा कोणी नातवंडांना सांगत बसले असेल असे मला वाटत नाही. त्याच काळात फिलाडेल्फियाच्या कॅथलिक वस्त्यांतून, धर्मग्रामांच्या आणि शाळांच्या संघांतून, धर्मभगिनींच्याच देखरेखीखाली, मुलींचे सामने ईर्ष्येने रंगत होते. इमॅक्युलाटाच्या पुष्कळशा खेळाडू त्या मैदानांतूनच तयार होऊन आल्या.

येथे आपल्याकडील वाचकाच्या ओठांवर गीतेचे नाव आले असेल. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, आणि मग खेळाडूही स्थितप्रज्ञ होईल, असे सोपे समीकरण क्रीडासमारंभाच्या अध्यक्षीय भाषणांत वारंवार मांडले जाते. ते खेळावरही अन्याय करणारे आहे आणि गीतेवरही. फलाशा सोडणे म्हणजे कर्माचा हेतूच मनात न धरणे नव्हे, हे लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त बजावून सांगितले आहे, शेतकरी पेरतो तो उगवावे म्हणूनच पेरतो. खेळात तर याहून बिकट स्थिती आहे, कारण तेथे हेतू काढून घेतला की कर्मच उरत नाही. चेंडू कड्यातून पडला काय आणि न पडला काय, मला दोन्ही सारखेच, असे खरोखर मानणारी खेळाडू मैदानावर असेल तर ती चेंडू टाकते आहे असे म्हणताच येणार नाही. ती केवळ हात वर करते आहे. शिवाय तिच्यासमोर जी दुसरी घामाने निथळते आहे तिचा ती अपमान करीत असते. प्रतिपक्षाला मनापासून हरवू पाहणे हीच त्याला देता येण्याजोगी खरी मानवंदना, आणि ती न देणारा विरक्त पुरुष मठात शोभेल, मैदानावर नव्हे.

वेदान्त्याचा यापुढचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ब्रह्मसूत्रांत जगदुत्पत्तीला लीला म्हटले आहे, आणि आचार्यांनी भाष्यात दृष्टान्त दिला तो सर्व कामना पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. म्हणजे खरा खेळ तो, की ज्यात खेळणाऱ्याला काहीच कमी नसते व काहीच मिळवायचे नसते. पाश्चात्त्य कॅथलिक विचारातही याच्याशी जुळणारे एक मत आढळते: रोमानो ग्वार्दिनी या धर्मगुरूने १९१८ साली उपासनाविधीवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात उपासनेचे खेळाशी नाते जोडले, कारण दोहोंत उपयोग नसतो, अर्थ मात्र असतो. हे विवेचन मला आदरणीय वाटते. तरी त्यातून इमॅक्युलाटाचा प्रश्न सुटत नाही. ब्रह्माला प्रतिपक्ष नाही. ज्याच्याहून दुसरे काही नाहीच, तो हरणार कोणाकडून? आणि ज्याला हरता येत नाही त्याची लीला कितीही मनोहर असली तरी तो सामना नव्हे.

पुराणकारांना ही उणीव जाणवली असावी. त्यांनी शिवाला पार्वतीसमोर सारीपाट खेळायला बसविले. वेरूळच्या लेण्यांत तो प्रसंग एकाहून अधिक ठिकाणी कोरलेला आहे. वर पती-पत्नी खेळत आहेत आणि खाली शिवगण नंदीची खोडी काढीत आहेत. स्कंदपुराणात कथा येते ती तर फारच निःसंकोच आहे. शिव हरतो, अलंकार हरतो, मस्तकावरची चंद्रकोर हरतो, अखेर कौपीनही हरतो, आणि मग रुसून अरण्यात निघून जातो. सकल वासना जाळून भस्म अंगाला फासलेला हा महायोगी फाशांच्या पटावर मात्र आपले वैराग्य राखू शकत नाही. पुराणकारांनी येथे देवाचा उपहास केला असे कोणी म्हणतात. मला यात उपहासाहून अधिक काही दिसते: खेळायला बसायचे तर देवालाही हरण्याची तयारी आणि जिंकण्याची हाव दोन्ही घेऊनच बसावे लागते, अन्यथा पार्वतीने तरी कोणाशी खेळावे?

मग त्या बादल्या बडविणाऱ्या भगिनींचे व्रत भंगले का? भंगले नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण जयाच्या स्वरूपात आहे. ५२ विरुद्ध ४८ या आकड्यांत हस्तगत करण्याजोगे काय होते? चार गुण कोणाच्या तिजोरीत जमा होत नाहीत. त्यांवर व्याज चढत नाही, मृत्युपत्राने ते कोणाला देता येत नाहीत. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात गुणफलकावर दोन्ही बाजूंना पुन्हा शून्यच लागते. सर्वांनी संगनमताने आधीच निरुपयोगी ठरविलेल्या वस्तूची अभिलाषा बाळगायची, आणि बाळगायची ती मात्र पूर्ण, हातचे काही न राखता, अशी ही विलक्षण योजना आहे. परिग्रहाचा त्याग केलेल्या माणसाला वासनेची ओळख असते, पण तिला वाव द्यायला जागा नसते. खेळाने ती जागा दिली. तेथे कितीही तीव्रतेने मागितले तरी मिळाल्यावर घरी नेण्यासारखे काही नसल्याने मागण्यातील विष उतरून जाते. आणि प्रार्थनेचा मधला भाग मला आता निराळा ऐकू येतो. जय मागणारा नकळत प्रतिपक्षही मागत असतो, आणि तोही तुल्यबळ. वेस्ट चेस्टर विमानतळावर अडकून पडावे आणि सामना न होताच आम्हांला ढाल मिळावी, अशी प्रार्थना त्या तळघरात कोणी केली नसती. बत्तीस गुणांनी हरविणारीच समोर हवी होती. हे मागणे कोणाविरुद्ध आहे असे म्हणता येत नाही. दोन अर्जांत कलम एकच, आणि ते दोघांनाही मंजूर झाले.

मात्र या सर्व युक्तिवादाची मदार फळ निरुपयोगी असण्यावर आहे, आणि ते तसे फार काळ राहिले नाही. अंतिम सामन्यानंतर तीन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत मंजूर झाला आणि मुलींच्या खेळांना प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. स्पर्धा चालविणाऱ्या स्त्री-शिक्षिकांच्या संघटनेने खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्यावर बंदी घातली होती. खेळाचा बाजार होऊ नये हाच त्यामागील विचार. न्यायालयात फिर्याद झाली आणि १९७३ साली ती बंदी उठली. हे सर्व न्याय्यच होते. मुलांना जे मिळते ते मुलींना नाकारणे कोणत्याही तत्त्वज्ञानाने समर्थनीय ठरत नाही, आणि त्यागाचा उपदेश ज्यांच्याकडे मुळात काहीच नाही त्यांनाच करणे ही तर धर्माच्या इतिहासातील जुनी लबाडी आहे. इमॅक्युलाटाने १९७३ आणि १९७४ ची अजिंक्यपदेही मिळविली. जानेवारी १९७५ मध्ये मेरीलँडविरुद्धचा त्यांचा सामना दूरदर्शनवरून देशभर दाखविला गेला. २२ फेब्रुवारीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाविरुद्ध त्या खेळल्या तेव्हा सुमारे बारा हजार प्रेक्षक होते. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अंतिम सामन्यात मिसिसिपीच्या डेल्टा स्टेटने त्यांना हरविले. १९७७ च्या हंगामानंतर कॅथी रश यांनी प्रशिक्षिकेचे पद सोडले.

ज्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च, पुढे कदाचित उपजीविकाही, चेंडू कड्यातून पडण्यावर अवलंबून आहे, तिची प्रार्थना आता पीकपाण्याच्या प्रार्थनेजवळ जाऊन बसते. ती अधिक क्षम्य आहे, कारण गरज खरी आहे. आणि म्हणूनच तिच्यात ईश्वराच्या समदृष्टीचा जुना पेच पूर्ण जोराने परत येतो, कारण आता एकीला मिळाले तर दुसरीचे खरोखरच जाते. खेळाच्या प्रतिष्ठेची ही किंमत देण्यासारखी होती की नाही, याचा निवाडा मी करू धजत नाही. ज्यांनी ४५० डॉलरांवर आणि लोकरी झग्यांत दिवस काढले त्यांनी केलेला निवाडा मला पुरेसा आहे, आणि तो बहुतांशी नव्या व्यवस्थेच्या बाजूने आहे. १९८२ पर्यंत स्त्री-शिक्षिकांची ती संघटना संपुष्टात आली व स्पर्धांचा कारभार पुरुषांच्या जुन्या, धनाढ्य संघटनेच्या दप्तरात वर्ग झाला. इमॅक्युलाटा आज त्या संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळते. त्या श्रेणीत खेळाच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास नियमानेच मनाई आहे, आणि तेथेही दर हंगामात एक संघ जिंकतो.